स्टीलच्या डब्याचे पोट चुंबकाला दाद देत नाही, काठ मात्र देतो: इलेक्ट्रॉनच्या स्पिनचा याच्याशी काय संबंध?

तापीकाठ
बहिणीच्या लग्नाची भांडी घेण्यासाठी गेल्या महिन्यात आम्ही भुसावळच्या बाजारात गेलो होतो. दुकानदाराने गल्ल्यातून दोऱ्याला बांधलेला चुंबक काढला, डब्याच्या पोटाला लावून दाखवला आणि सांगितले की चिकटला तर माल हलका, नाही चिकटला तर अस्सल तीनशे चार नंबरचे स्टील. चुंबक घसरून खाली आला, आम्ही खूश झालो आणि पैसे देऊन निघालो. घरी आल्यावर भाच्याने जुन्या हार्डडिस्कमधून काढलेला चुंबक त्याच डब्याच्या काठाला, जिथे पत्रा वळवून गोल केलेला असतो तिथे, लावला आणि तो सोडला तरी पडेना. पोट आणि काठ एकाच पत्र्याचे असताना असे का व्हावे?

यावर विचार करताना मूळ प्रश्नच मोठा निघाला. शाळेत आम्हाला शिकवले होते की इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरतो, म्हणजे छोटासा विद्युतप्रवाह वाहतो आणि त्यामुळे अणू हा एक छोटा चुंबक होतो. असे असेल तर २९ इलेक्ट्रॉन असलेले तांबे २६ इलेक्ट्रॉनांच्या लोखंडापेक्षा जोरदार चुंबक व्हायला हवे होते. लोखंडात असे काय आहे जे तांब्यात नाही, आणि स्टीलमध्ये बहुतांश लोखंडच असताना ते जाते कुठे?

वांग्याचं_भरीत
चुंबक घेऊन भांडी पारखणारे लोक पाहिले होते, परंतु घरी आणल्यावर फेरतपासणी करणारा भाचा प्रथमच ऐकला. त्याला जपा, जावई पाहायला जाताना उपयोगी पडेल.

निवृत्त_मास्तर
तापीकाठ, तुम्ही म्हणता ते चित्र मी स्वतः छत्तीस वर्षे फळ्यावर काढलेले आहे, त्यामुळे दोषाचा थोडा वाटा माझ्याकडेही येतो.

अणूंमध्ये बारीक विद्युतप्रवाह फिरत असतात ही कल्पना अँपिअरची, म्हणजे १८२० च्या दशकातली. तेव्हा इलेक्ट्रॉन कोणाला ठाऊकही नव्हता. पुढे नील्स बोर यांनी १९११ साली आणि हेंड्रिका व्हॅन लीउवेन या डच विदुषीने १९१९ साली गणिताने दाखवून दिले की जुन्या, म्हणजे न्यूटन आणि मॅक्सवेल यांच्या, नियमांनी चालणारे विद्युतभारित कण कितीही गरगरले तरी पदार्थ स्थिर तापमानाला असताना त्यांच्या चुंबकत्वाची बेरीज शून्यच येते. जुन्या भौतिकशास्त्राच्या हिशेबात चुंबकाला जागाच नव्हती, आणि तो तर होकायंत्रात शेकडो वर्षे बसलेला होता.

वाट सापडली ती दुसरीकडूनच. १९२२ साली फ्रँकफर्टमध्ये स्टर्न आणि गेरलाख यांनी भट्टीतून निघालेल्या चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला. अणूंची तोंडे वाटेल त्या दिशेला असती तर समोरच्या काचेवर चांदीचा एकच पसरट पट्टा उमटला असता. प्रत्यक्षात झोत दुभंगला आणि मधली जागा रिकामी राहिली. १९२५ साली युलेनबेक आणि गौडस्मिट या दोन तरुणांनी सुचवले की प्रत्येक इलेक्ट्रॉनपाशी उपजतच एक कोनीय संवेग, म्हणजे फिरत्या वस्तूपाशी असते तशी राशी, असतो आणि त्याबरोबर एक ठरावीक चुंबकत्वही असते. मोजताना त्याला दोनच पर्याय असतात, वर किंवा खाली. यालाच स्पिन म्हणतात. नाव ऐकून भोवऱ्यासारखा फिरणारा गोळा डोळ्यांपुढे आणू नये, कारण तसे मानून हिशेब केला तर त्या गोळ्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशापेक्षा जास्त निघतो. इलेक्ट्रॉनने शास्त्रज्ञांची फिरकीच घेतली म्हणा ना!

आता तांबे आणि लोखंड. पाउलीच्या अपवर्जन तत्त्वानुसार एका कक्षकात, म्हणजे अणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या एका घरात, दोनच इलेक्ट्रॉन राहू शकतात आणि तेही विरुद्ध स्पिनचे. जोडी जमली की दोघांचे चुंबकत्व एकमेकांना खाऊन टाकते. तांब्याच्या ३डी नावाच्या कवचात दहाच्या दहा जागा भरलेल्या, म्हणजे पाच पूर्ण जोड्या. लोखंडाच्या सुट्या अणूत त्याच पाच कक्षकांत सहा इलेक्ट्रॉन असल्याने एक जोडी आणि चार एकटे. जे एकटे राहिले त्यांच्यामुळेच चुंबकत्व.

कॉइलवाला
माझे यावलला मोटार वाइंडिंगचे दुकान आहे. आमच्याकडे केळीच्या बागांवरच्या जळालेल्या सबमर्सिबल मोटारी येतात, त्यामुळे स्टॅम्पिंग (मोटारीतल्या लोखंडी पत्र्याच्या चकत्या), कॉपर आणि रोटर यांच्यातच दिवस जातो. सरांचे म्हणणे पटले, परंतु एक गोष्ट मला सरळ दिसते. अणू हा छोटा चुंबक आहे, शेजारचा अणूही छोटा चुंबक आहे, मग एकाने दुसऱ्याला ओढून आपल्या दिशेने वळवले, दुसऱ्याने तिसऱ्याला वळवले आणि सगळे एका रांगेत आले. इतके साधे असताना पुढे काही शोधायचे कशाला राहिले?

सातपुड्याची_लेक
कॉइलवाला भाऊ, मलाही बारावीपर्यंत अगदी असेच वाटत होते. मी मूळची चोपड्याची, सध्या चुंबकीय पदार्थांच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

तुमच्या टेबलावर दोन पट्टीचुंबक शेजारी शेजारी समांतर ठेवा आणि सोडून द्या. एकाच्या उत्तर टोकाशेजारी दुसऱ्याचे दक्षिण टोक येते. शेजारी असलेले चुंबक आपण होऊन उलटसुलट बसतात. सगळे एका दिशेला तोंड करून बसतील याची खात्री नाही. हे बाजूला ठेवले तरी जोराचा प्रश्न उरतोच. लोखंडातल्या दोन शेजारच्या अणूंमध्ये मिलिमीटरच्या सुमारे चाळीस लाखाव्या भागाएवढे अंतर असते. त्या अंतरावरून एका अणूच्या चुंबकत्वाचा दुसऱ्यावर पडणारा प्रभाव उष्णतेशी ताडून पाहिला तर तो निरपेक्ष शून्याच्या वर एखादा अंश गेलो की हरतो. लोखंड मात्र ७७० अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे निरपेक्ष मोजणीत १०४३ अंशांपर्यंत, आपले चुंबकत्व सोडत नाही. हजार रुपयांचे बिल एक रुपयाने भागवण्यासारखे आहे हे.

उरलेले नऊशे नव्व्याण्णव कुठून येतात ते हायझेनबर्गने १९२८ साली सांगितले, आणि ते चुंबकत्वातून येतच नाहीत. पाउलीचा नियम असा आहे की एकाच स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन एका ठिकाणी येऊ शकत नाहीत. विरुद्ध स्पिनच्या दोघांना तशी मनाई नसते, म्हणून ते एकमेकांच्या जवळ येतात. दोघेही ऋणभारित असल्याने जवळ आले की एकमेकांना ढकलतात आणि ऊर्जा वाढते. दोघांचा स्पिन एकाच दिशेचा असला की नियमामुळेच त्यांच्यात अंतर राहते, ढकलाढकली कमी होते आणि ऊर्जा वाचते. लोखंडातले स्पिन एका दिशेला वळतात ते या बचतीसाठी. फ्रिजच्या दाराला चिकटलेल्या चुंबकात स्पिनांना एका दिशेला धरून ठेवणारे बळ अशा रीतीने विद्युतबळ आहे, आणि स्पिन केवळ ठरवतो की कोणी कोणापासून किती लांब राहायचे.

प्रश्नचिन्ह
ताई, विद्युतप्रतिकर्षण तर तांब्यातही आहे, ॲल्युमिनियममध्येही आहे आणि माझ्या हातातल्या पेनातही आहे. बचत होत असेल तर सगळेच पदार्थ चुंबक का होत नाहीत? दुसरा प्रश्न, लोखंडातले स्पिन आधीच एका रांगेत असतील तर दुकानातून आणलेला खिळा दुसऱ्या खिळ्याला का ओढत नाही?

सातपुड्याची_लेक
पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते, दुसरा सरांकडे सोपवते.

बचतीबरोबर खर्चही असतो. धातूमध्ये ऊर्जेच्या पायऱ्या असतात आणि खालपासून प्रत्येक पायरीवर एक वरचा आणि एक खालचा अशी जोडी बसलेली असते. त्यातल्या एकाने स्पिन बदलायचे ठरवले तर त्याच पायरीवर त्या स्पिनचा इलेक्ट्रॉन आधीच बसलेला असल्याने त्याला वरची रिकामी पायरी गाठावी लागते. लोखंड, कोबाल्ट आणि निकेल यांच्या ३डी इलेक्ट्रॉनांच्या पायऱ्या इतक्या दाट असतात की हा चढ स्वस्तात पडतो. तांब्यात किंवा ॲल्युमिनियममध्ये सर्वांत वर असलेल्या इलेक्ट्रॉनांच्या पायऱ्या विरळ असतात आणि चढण्याचा खर्च बचतीपेक्षा जास्त होतो. हा जमाखर्च एडमंड स्टोनर यांनी १९३० च्या दशकात मांडला. पेनाच्या प्लॅस्टिकमध्ये तर प्रश्नच नाही, कारण तिथले जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉन अणूंना जोडणाऱ्या बंधांत जोडीने अडकलेले असतात.

याच हिशेबामुळे सरांनी सांगितलेले चार एकटे इलेक्ट्रॉन घन लोखंडात चार राहत नाहीत. तिथे दर अणूमागे सरासरी सुमारे २.२ इलेक्ट्रॉनांएवढे चुंबकत्व मोजले जाते, कोबाल्टमध्ये १.७ आणि निकेलमध्ये फक्त ०.६. हे आकडे अपूर्णांकात येतात, कारण हे इलेक्ट्रॉन एकेका अणूच्या मालकीचे नसून सगळ्या तुकड्यात सामायिक असतात.

अमळनेरकर
निकेलचा विषय निघाला म्हणून सांगतो. आजीच्या ट्रंकेत एक पिशवीभर जुनी नाणी आहेत आणि हा धागा वाचून काल रात्री सगळ्यांना चुंबक लावून पाहिला. मागच्या बाजूला वाघ असलेला १९४७ चा रुपया टपकन चिकटला. तो शुद्ध निकेलचा असतो. १९८० च्या दशकातले रुपये तांबे आणि निकेल यांच्या मिश्रणाचे, त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. १९९२ नंतरचे स्टीलचे रुपये पुन्हा चिकटले. आता मला सांगा, या मधल्या रुपयात २५ टक्के निकेल असूनही त्याचे चुंबकत्व संपूर्ण का जावे, चतुर्थांश तरी उरायला हवे होते.

सातपुड्याची_लेक
अमळनेरकर, तुमची ट्रंक म्हणजे चुंबकत्वाचे पाठ्यपुस्तकच आहे. निकेलच्या ३डी पट्ट्यात, म्हणजे ३डी इलेक्ट्रॉनांच्या पायऱ्यांच्या समूहात, दर अणूमागे सुमारे ०.६ जागा रिकामी असते आणि तेवढेच त्याचे चुंबकत्व. तांब्याच्या अणूत निकेलपेक्षा एक इलेक्ट्रॉन जास्त. तांबे मिसळत गेलो की हे जादा इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागा भरत जातात, आणि साधारण ६० टक्के तांबे झाले की जागा संपतात आणि चुंबकत्वही संपते. तुमच्या रुपयात ७५ टक्के तांबे आहे, म्हणजे हद्द कधीच ओलांडली. तपशिलात जाता हे चित्र थोडे ढोबळ आहे, परंतु आकडा ते बरोबर देते.

निवृत्त_मास्तर
खिळ्याचे उत्तर पिएर वाइस यांनी १९०७ सालीच दिले होते, स्पिनचा पत्ता लागण्याआधी. खिळ्यात असंख्य बारीक टापू असतात. प्रत्येक टापूतले अणू एका दिशेला तोंड करून उभे असतात, मात्र टापूंची तोंडे वेगवेगळ्या दिशांना असल्याने बाहेरून बेरीज शून्य. असे टापू पडतात याचे कारण कॉइलवाला यांचा तोच दुबळा जोर आहे, ज्याला ताईंनी हजार रुपयांतला एक रुपया म्हटले. शेजारच्या अणूपुढे त्याचे काही चालत नाही. मात्र तो लांबवर पोहोचतो, आणि कोट्यवधी अणूंचा जमाव एकाच दिशेला तोंड करून उभा राहिला की बाहेर पसरणाऱ्या क्षेत्राचा खर्च इतका वाढतो की जमावाची विभागणी होणेच परवडते. कॉइलवाला, तुमचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते.

आपण चुंबक जवळ नेतो तेव्हा अनुकूल टापूंच्या सीमा सरकतात आणि ते मोठे होतात. सीमा अशुद्धीपाशी अडकतात आणि मग झटक्याने सुटतात. १९१९ साली बार्कहाउझेन यांनी हे झटके वेटोळ्यातून चक्क ऐकवले होते. तुमच्या दुकानात तारेची काय कमी? बारीक तारेचे हजार-दीड हजार फेरे घ्या, आत मऊ लोखंडाची सळई ठेवा, टोके अँप्लिफायरला जोडा आणि चुंबक हळूहळू जवळ आणा.

कॉइलवाला
सर, करून पाहतो. टापूंवरून आमच्या धंद्यातली एक गोष्ट उलगडली. मोटारीच्या स्टॅम्पिंगला मऊच पत्रा लागतो, कारण ५० हर्ट्झच्या वीजेवर टापूंना सेकंदाला शंभर वेळा पलटावे लागते आणि जिथे ते अडखळतात तिथे उष्णता होते. स्पीकरच्या किंवा नव्या बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटारीच्या) पंख्याच्या चुंबकात मात्र टापू पलटूच नयेत अशी व्यवस्था असते. जो गुण एका कामात हवा तोच दुसऱ्यात दोष.

धुळ्याचा_डोंगर
आपल्या पायाखालच्या काळ्या दगडाला कोणी विसरू नये. खानदेश सगळा ज्वालामुखीच्या लाव्ह्यावर वसलेला आहे आणि साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. नदीच्या वाळूतून चुंबक फिरवला की त्याला काळ्या मिशा फुटतात त्या याच कणांच्या. लाव्हा निवत निवत सुमारे ५८० अंशांच्या खाली आला की मॅग्नेटाइटमधले स्पिन रांगेत येतात आणि त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दगडात कायमची नोंदली जाते. दख्खनच्या दगडांतली ही नोंद वाचूनच कळले की लाव्हा वाहिला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता.

मॅग्नेटाइटमध्ये अणूंचे दोन गट परस्परांच्या विरुद्ध तोंडे करून असतात, परंतु एक गट भारी पडल्याने शिल्लक उरते. हे लुई नील यांनी १९४८ साली मांडले. दोन्ही गट तुल्यबळ असतील तर आत शिस्त असूनही बाहेर शून्य. क्रोमियम हे त्याचेच उदाहरण.

सातपुड्याची_लेक
क्रोमियमची ती शिस्त साधारण ३८ अंश सेल्सिअसला मोडते, म्हणजे मे महिन्यात जळगावला सावलीत ठेवलेल्या क्रोमियममध्येही ती टिकणार नाही. गॅडोलिनियमची गंमत तर त्याहून जवळची आहे. हा धातू सुमारे २० अंशांच्या खाली लोखंडासारखा चुंबकीय असतो आणि वर गेला की केवळ क्षीण प्रतिसाद देतो. आमच्याकडे त्याचा बोटभर तुकडा आहे. बर्फाच्या पाण्यातून काढला की चुंबकाला घट्ट धरतो आणि मुठीत थोडा वेळ ठेवला की सुटून पडतो. चोपड्यात तो डिसेंबरच्या पहाटे चुंबक ठरेल आणि उन्हाळाभर नुसता धातू. त्याच्या आयनात सात एकटे इलेक्ट्रॉन असतात, म्हणूनच एमआरआयच्या आधी शिरेतून देतात त्या औषधात त्याची संयुगे असतात.

वांग्याचं_भरीत
आमच्या गावात अर्धी माणसेही याच तत्त्वावर चालतात. उन्हाळ्यात कोणीच कोणाला चिकटत नाही.

प्रश्नचिन्ह
आमचे काका रक्तातल्या लोहासाठी मनगटावर चुंबकाचे कडे घालतात, त्याचे काय?

निवृत्त_मास्तर
काकांचा मान राखून सांगतो की रक्तातले लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे वागत नाही. तिथे लोहाचे अणू एकमेकांपासून लांब, प्रत्येक जण मोठ्या रेणूत एकटा बसलेला असतो, त्यामुळे रांग लागण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय ऑक्सिजन धरलेल्या हिमोग्लोबिनमध्ये सगळे इलेक्ट्रॉन जोडीने असतात, हे पाउलिंग आणि कोरिएल यांनी १९३६ सालीच मोजून दाखवले. असे रक्त चुंबकापासून अगदी किंचित दूरच सरकते.

अमळनेरकर
सगळे झाले, परंतु तापीकाठ यांचा डबा राहिला.

सातपुड्याची_लेक
खरे आहे, तिकडे वळते. तीनशे चार नंबरच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल आणि उरलेले मुख्यतः लोखंडच असते. फरक अणूंच्या मांडणीत आहे. साध्या लोखंडात अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि मध्यभागी असतात. निकेल घातल्यावर ही मांडणी बदलते, अणू कोपऱ्यांवर आणि सहा बाजूंच्या मध्यावर येतात. अंतरे आणि शेजाऱ्यांची संख्या बदलली की स्पिनांचा जमाखर्चही बदलतो आणि घरातल्या तापमानाला त्यांचे एकमत होत नाही. निकेल स्वतः चुंबकीय असून लोखंडाचे चुंबकत्व घालवते, हे मला अजूनही नवल वाटते.

काठ वळवताना पत्रा थंड असतानाच दाबला आणि ताणला जातो. त्या ताणाने काही भागातली मांडणी मोडून जुन्या लोखंडाच्या जवळची होते आणि तेवढ्या भागातले स्पिन पुन्हा रांगेत येतात. धातू तोच, फक्त अणू सरकले. तुमचा भाचा हार्डडिस्कचा जोरदार चुंबक घेऊन आला नसता तर हे कळलेही नसते.

दुकानदाराच्या कसोटीबद्दल मात्र सावध राहा. चुंबक चिकटणारे चारशे तीस नंबरचे स्टील निकेल नसल्याने स्वस्त असते, परंतु ते वाईट नव्हे; इंडक्शन शेगडीवर तर बुडाशी तसेच स्टील लागते. उलट दोनशे दोन नंबरच्या स्टीलमध्ये बऱ्याचशा निकेलऐवजी मँगनीज घालतात, ते तीनशे चारपेक्षा स्वस्त असते आणि त्यालाही चुंबक चिकटत नाही. म्हणजे चुंबक चिकटला नाही यावरून डबा तीनशे चारचा आहे असे ठरत नाही.

कॉइलवाला
काल दुकान बंद केल्यावर सरांचा प्रयोग केला. जुन्या टेपरेकॉर्डरचा अँप्लिफायर, बाराशे फेऱ्यांची कॉइल आणि आत मऊ लोखंडाची सळई. चुंबक हळूहळू जवळ नेला तर स्पीकरमधून तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा आवाज आला. चुंबक स्थिर धरला की आवाज थांबतो, फिरवला की पुन्हा लाह्या. वडील झोपेतून उठून आले आणि म्हणाले, "काय करी र्‍हायना भो?" लोखंडातले टापू पलटताना ऐकतो आहे असे सांगितल्यावर तेही खुर्ची ओढून बसले. आम्ही रात्री साडेअकरापर्यंत ऐकत होतो.

तापीकाठ
सर्वांचे मनापासून आभार. मी दोन गोष्टी केल्या. खिळा सांडशीत धरून गॅसवर लालभडक केला आणि लांबून चुंबक दाखवला. लालभडक असताना त्याने ओळख दिली नाही आणि लाली मंदावू लागल्यावर झेप घेतली. ७७० अंशांचा आकडा डोळ्यांनी पाहिल्यासारखे वाटले.

दुसरे म्हणजे काल पुन्हा त्याच दुकानात जाऊन विचारले की हा डबा तीनशे चार आहे की दोनशे दोन. दुकानदाराने माझ्याकडे जरा वेळ पाहिले, दोऱ्याचा चुंबक गल्ल्यात टाकला आणि पोऱ्याला दोन चहा सांगितले.